ड्रॉपर सीटपोस्ट आणि सीटखालची बॅग: पट्टा बांधायचा तरी कुठे?

करवंद

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

गेली काही वर्षं माझ्याकडे साधी हार्डटेल होती, म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे. सीटखाली बॅग, तिचे दोन पट्टे सीटच्या रेलना (सीटखालच्या दोन दांड्यांना) आणि तिसरा वेल्क्रोचा पट्टा सीटपोस्टला गुंडाळलेला. आत ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, मल्टीटूल, पॅच. मुलुंडहून येऊर, कधी आरे, कधी खारघर. त्या बॅगेकडे कधी लक्षसुद्धा द्यावं लागलं नाही.

यंदा फुल सस्पेन्शन घेतली, मागच्या चाकालाही शॉक असलेली. २९ इंची चाकं, मागे १२० मिमी ट्रॅव्हल (चाक तेवढं वरखाली हलतं), १२५ मिमीचा ड्रॉपर, म्हणजे हँडलवरचा लिव्हर दाबला की सीट तेवढी खाली-वर होणारा सीटपोस्ट. माझी उंची ५ फूट ४ इंच, त्यामुळे फ्रेम स्मॉल. जुनीच बॅग नव्या सायकलला लावली आणि वेल्क्रो ड्रॉपरच्या वरच्या चकचकीत नळीला गुंडाळला. सायकल जोडून देणाऱ्या माणसानेच तो तसा लावून दिला होता, म्हणून मनात शंका आली नाही.

जुलैमध्ये लोणावळ्याहून राजमाचीला गेलो होतो. तो रस्ता ज्यांनी पावसात केलाय त्यांना माहीत आहे: १५ किलोमीटरच्या आसपास, दगड, लाल चिखल, मध्ये ओढे. उतार आला की सीट खाली, चढ आला की वर, असं दिवसभर चाललं होतं. परतताना राजमाचीचं उधेवाडी गाव सोडल्यावर मागच्या टायरची कड दगडाने कापली. टायर ट्यूबलेस, पण आतल्या सीलंटने भरण्यातला काप नव्हता. सोबतच्या मित्राची ट्यूब सकाळीच त्याच्या पंक्चरला खर्ची पडली होती. मी बॅग उघडली तर बॅगेच्या तळाला भोक, आणि त्यातून आतल्या ट्यूबलाही भोक. सीट खाली असताना टायर बॅगेला घासत होता आणि मला दगडांच्या खडखडाटात ते ऐकूच आलं नाही. पॅचच्या डबीत चिखलाचं पाणी. अंधार पडायच्या आत लोणावळा गाठायचं म्हणून ७ किलोमीटर सायकल ढकलली.

घरी येऊन धुतली तर दुसरी गोष्ट दिसली. वेल्क्रो होता तिथून खाली नळीवर केसासारख्या बारीक उभ्या रेघा. आता लिव्हर दाबला की सीट अर्ध्यावर येऊन थांबते, हाताने ओढावी लागते.

पाठीवर सॅक नको आहे. मुंबईच्या दमटात अर्ध्या तासात पाठ चिंब होते आणि मला कंबरेचा जुना त्रास आहे. ड्रॉपर काढायचीही इच्छा नाही, त्याच्यामुळेच मी उतारांना घाबरायची थांबले. तुम्ही सगळे सामान कुठे ठेवता?

लाल माती

करवंदताई, ट्यूबचं वाचून वाईट वाटलं. पण पोस्टची आशा सोडू नका. आधी आत काय असतं ते सांगतो, म्हणजे पट्टा का नको ते आपोआप कळेल.

ड्रॉपर म्हणजे दोन नळ्या. बाहेरची फ्रेममध्ये घट्ट बसवलेली, आतली तिच्यात वरखाली सरकणारी. आत गॅसने भरलेलं कार्ट्रिज. लिव्हर दाबला की झडप उघडते. तुम्ही बसलेल्या असाल तर वजनाने सीट खाली जाते, उठलात की गॅस तिला वर ढकलतो. दोन नळ्यांच्या सांध्यावर कॉलर असते आणि तिच्यात रबरी सील. त्या सीलचं काम एकच: आतली नळी खाली जाताना तिच्यावरची धूळ पुसून बाहेर ठेवायची.

आता त्या नळीला वेल्क्रो बांधला की काय होतं? पट्ट्याच्या आत रेती अडकते. सायकल हादरते तसा पट्टा कणाकणाने फिरतो. रेती आणि कापड, दोन्ही मिळून पॉलिश पेपरचं काम करतात. वरून सीट खाली घेतली की पट्टा कॉलरवर दाबला जातो आणि ओला गाळ थेट सीलच्या ओठावर. सील कितीही चांगलं असलं तरी त्याच्या तोंडात चिखल कोंबल्यावर ते काय करणार?

एक विचार करा. पुढच्या फोर्कच्या स्टँशनला (सरकणाऱ्या चकचकीत नळीला) आपण कधी पट्टा बांधू का? त्या नळीवर साधी धूळ दिसली तरी पुसतो. ड्रॉपरची नळी त्याच जातीची आहे. फक्त ती सीटपोस्टच्या जागी आहे म्हणून सीटपोस्टसारखी वापरली जाते.

ओरखड्यावरून नख फिरवून बघा. नख अडकत नसेल तर सहसा निभावतं. अडकत असेल तर त्या खाचेतून गाळ आत जात राहील, मग नळी बदलावी लागेल.

आणखी एक, आजच करा. सीटक्लॅम्पचा (फ्रेमवर सीटपोस्ट आवळणाऱ्या कड्याचा) बोल्ट सैल करून टॉर्क रेंचने पुन्हा आवळा, ५ न्यूटन मीटरच्या आसपास. नेमका आकडा फ्रेमवर किंवा क्लॅम्पवर छापलेला असतो. जास्त आवळला की बाहेरची नळी दाबली जाते आणि आतली तिच्यात अडकते. लक्षण अगदी तुमच्यासारखंच: सीट वर यायला कुरकुर करते.

भाऊचा धक्का

मी गेली तीस वर्षं सायकल चालवतो, माझगावहून कुलाबा रोज. डोंगरातली सायकल माझी नाही, म्हणून मनापासून विचारतो. उतारावर सीट खाली घ्यायची गरजच काय? आणि घ्यायचीच तर क्विक रिलीज (सीटपोस्टचा हाताने उघडायचा क्लॅम्प) सोडून हाताने घेता येत नाही का? मग पट्टा कुठेही बांधा.

घाटवाट

काका, प्रश्न रास्त आहे. तीव्र उतारावर अंग मागे आणि खाली न्यावं लागतं, नाहीतर पुढच्या चाकावरून तोंडावर पडायची भीती. सीट उंच असली की ती पोटाला नाहीतर मांडीला आडवी येते. सीट खाली गेली की अंगाखाली सायकल मोकळी हलते.

तुम्ही म्हणता तसं हाताने करतच होते लोक. १९८० च्या दशकात अमेरिकेत जो ब्रीझ आणि जॉश अँजेल यांनी हाइट-राइट नावाची स्प्रिंग काढली. क्विक रिलीज सोडली की सीट वजनाने खाली, वजन काढलं की स्प्रिंगने वर. म्हणजे ही गरज माउंटन बाइकच्या सुरुवातीपासूनची आहे. पण क्विक रिलीजला हात हँडलवरून काढावा लागतो, आणि राजमाचीच्या रस्त्यावर चढ-उतार शंभरदा बदलतात. दर वेळी कोण थांबणार? हँडलवरच्या लिव्हरवर चालणारे पोस्ट २००० नंतर आले, आणि २०१० मध्ये रॉकशॉक्सचा रेव्हर्ब आल्यावर ते सगळीकडे दिसायला लागले. २०२२ ची इटलीतली मिलान–सान रेमो तर रोडची शर्यत. स्लोव्हेनियाच्या मातेय मोहोरिचने तिथे रोड बाइकला ड्रॉपर लावला, शेवटच्या पोज्जो टेकडीच्या उतारावर सगळ्यांना मागे टाकलं आणि जिंकला.

भाऊचा धक्का

समजलं. रोडच्या शर्यतीत हे वापरलं गेलं हे माहीत नव्हतं. आभारी आहे.

खाडीकिनारा

करवंद, तुझ्या दोन अडचणी वेगळ्या आहेत असं मला वाटतं. पट्ट्याने नळी खराब झाली ही एक. टायरने बॅग खाल्ली ही दुसरी. नुसता पट्टा काढून पहिली सुटेल, दुसरी तशीच राहील. उलट रेललाच लटकणारी बॅग जास्त डुलते, म्हणजे टायरला आणखी लागेल.

म्हणून आधी माप घे. मी असं घेतलं होतं: शॉकमधली हवा शॉक पंपने किती आहे ते लिहून ठेवलं, मग पूर्ण सोडली. ड्रॉपर पूर्ण खाली. मग सीटवर जोर देऊन मागचं सस्पेन्शन तळाला टेकेपर्यंत दाबलं आणि नवऱ्याने शिवणकामाच्या टेपने रेलच्या मागच्या टोकापासून टायरपर्यंतचं अंतर मोजलं. सायकल नुसती उभी असताना दिसणारं अंतर फसवं असतं. ट्रॅव्हलचा आकडा वजा करूनही नेमकं उत्तर येत नाही, कारण सीट तिरकी खाली येते आणि चाक वळणाने वर जातं. दाबून मोजणं हाच मार्ग.

हार्डटेलवाल्यांचं काम सोपं. मागचं चाक हलतच नाही, सीट खाली करून मोजलं की झालं.

करवंद

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री भावाला हाताशी घेऊन सगळं केलं.

क्लॅम्प खरंच फार आवळलेला होता. सैल करून नीट बसवल्यावर सीट आता पूर्ण वर येते. वेग अजून कमी आहे, पण अडकत नाही! कॉलर उघडून पाहिली तर सीलच्या वर लाल गाळाची अख्खी चकती बसलेली. मऊ कपड्याने पुसून काढली. नख कुठेही अडकत नाही.

आता माप. पोस्ट वर: रेल ते टायर २६ सेंमी. पोस्ट खाली: १४. पोस्ट खाली आणि शॉक पूर्ण दाबलेला: ४ ला थोडं कमी.

माझी जुनी बॅग रेलच्या खाली ९ सेंमी लोंबते. म्हणजे ती लावली त्या दिवसापासूनच घासत असणार. आकडा समोर आल्यावर अंगावर काटा आला. टायरने बॅग ओढून घेतली असती आणि चाक अडलं असतं तर उतारावर काय झालं असतं?

लाल माती

४ सेंमीमध्ये बॅगेचा विचार सोडा. टायरला चिकटलेला चिखल, चाकाचं थोडं लवचिकपण, यासाठी दीड-दोन सेंमी मोकळे हवेतच. उरलं काय? हीच गत लहान फ्रेमच्या बहुतेक सगळ्यांची. उंच माणसाची सीट मुळातच टायरपासून लांब असते, त्याला पूर्ण खाली घेऊनही बॅगेपुरती जागा उरते. इंटरनेटवर ‘मला काही अडचण नाही’ असं लिहिणारे बहुतेक ६ फुटी असतात.

पण सीटच्या रेलच्या वर, सीटच्या तळाखाली जी पोकळी असते, तिथे हात घालून बघा. ती जागा आपण वाया घालवतो.

घाटवाट

लांबच्या प्रवासासाठी मोठी बॅग लागणारे कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी लिहितो. वुल्फ टूथ कंपनीचा ‘वॅले’ नावाचा कॉलर मिळतो, सीलच्या कॉलरपेक्षा वेगळा, नळीवर आवळायचा. तो स्टँशनच्या अगदी वरच्या टोकाला, सीटच्या क्लॅम्पखाली पक्का बसतो आणि बॅगेचा पट्टा त्या कॉलरला बांधायचा. नळी सुरक्षित, पण २५ मिमी ड्रॉप जातो, कारण तेवढी नळी आत जाऊ शकत नाही. रेव्हलेट डिझाइन्सची ‘व्होल’ ही बॅग खास ड्रॉपरसाठी बनवलेली आहे. मी हार्डटेलवर अशी मांडणी करून कोकणात फिरलोय, झोपायची पिशवी आणि कपडे मागे. व्यवस्थित चालतं. कॉलर लावण्याआधी ती जागा कोरडी आणि एकदम स्वच्छ मात्र हवी.

एवढा खर्च नको असेल तर जुन्या ट्यूबची पट्टी नळीच्या वरच्या टोकाला गुंडाळून तिच्यावर वेल्क्रो बांधणारेही पाहिलेत.

लाल माती

ट्यूबच्या पट्टीला माझा स्पष्ट विरोध आहे, घाटवाटदादा. रबर पहिल्या दिवशी घट्ट बसतं. पावसात ते मिलिमीटर-मिलिमीटर खाली सरकतं आणि त्याच्या मागे अडकलेली रेती बाहेरून दिसतही नाही. उघडा वेल्क्रो निदान नजरेला पडतो. कॉलरची गोष्ट वेगळी, तो सरकत नाही.

घाटवाट

मान्य. मी स्वतः वापरलेली नाही, दुसऱ्यांच्या सायकलींवर पाहिली होती. कोणी करू नका.

खाडीकिनारा

माझी मांडणी सांगते, मीही स्मॉल फ्रेमवालीच.

सीटच्या रेलच्या वरच्या पोकळीत टीपीयूची ट्यूब. ही पातळ प्लॅस्टिकची असते, घडी मुठीत मावते, वजन साध्या २९ इंची ब्यूटाइल (रबरी) ट्यूबच्या निम्म्याहून कमी. ती जाड कापडी पाकिटात घालून एका अरुंद पट्ट्याने रेलमध्ये वर ओढून बांधलेली. रेलच्या रेषेखाली काहीही लोंबत नाही, पोस्टला काहीही शिवत नाही. दोन गोष्टी लक्षात ठेव. तिला आपल्याकडच्या पंक्चरवाल्याचा नेहमीचा पॅच आणि सोल्यूशन चालत नाही, तिचे पॅच वेगळे येतात, ते सोबत हवेत. आणि टायरच्या बाहेर ती फुगवून बघायची नाही, ताणली जाते.

मल्टीटूल, लिव्हर, चेनचा जोड, ट्यूबलेसचे प्लग हे सगळं टॉप ट्यूबला (फ्रेमच्या वरच्या नळीला), हँडलच्या बाजूच्या कोपऱ्यात, रुंद पट्ट्याने. पट्ट्याखाली फ्रेमला पारदर्शक संरक्षक टेप लाव, नाहीतर तिथेही रेती रंग खाते. काही कंपन्या डाउन ट्यूबच्या (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीच्या) आतच झाकणाचा कप्पा देतात, स्पेशलाइज्डचा स्वॉट किंवा ट्रेकचा. तुझ्या फ्रेमला असेल तर हा सगळा प्रश्नच मिटला.

पाणी एकच बाटली बसते माझ्या फ्रेममध्ये, ती जागा पाण्याचीच ठेव. बाटलीच्या जागी सामानाचा डबा बसवून पाणी कमी नेणं मुंबईच्या ऑक्टोबरमध्ये धोक्याचं आहे. फोन, चावी, पैसे मी कंबरेच्या छोट्या पाऊचमध्ये ठेवते. त्यात जड काही घालत नाही, त्यामुळे कंबर भरत नाही.

आणि छोटीशी पितळी प्रेस्टा अडॅप्टर विसरू नकोस. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर गाडीच्या व्हॉल्वचा असतो, आपला व्हॉल्व बारीक, प्रेस्टा. अडॅप्टर असली की कुठेही हवा मिळते.

करवंद

फ्रेममध्ये कप्पा नाही. पण सीटखालची पोकळी मोजली, ट्यूब बसेल. ऑर्डर करते.

एक शंका. माझ्या सीटच्या रेल कार्बनच्या आहेत. पट्टा चालेल?

लाल माती

कापडी पट्टा चालतो. स्क्रूने आवळायचा बॅगेचा क्लॅम्प लावू नका. असे बरेच क्लॅम्प ७ मिमीच्या गोल रेलसाठी असतात, कार्बनच्या रेल बहुधा ७ बाय ९ च्या लंबगोल. एका बिंदूवर दाब आला की तडा जातो.

पाकीट बांधताना पोस्टच्या डोक्यावर काही झडप किंवा बोल्ट आहे का ते बघा. उदाहरणार्थ बाइकयोकच्या रिव्हाइव्हला सीटखाली चावीने फिरवायची झडप असते. आत हवा शिरून सीट स्पंजसारखी दबायला लागली की ती वापरायची. ती जागा झाकली तर रस्त्यात सगळं सोडत बसावं लागेल.

भाऊचा धक्का

माझ्या पुतणीनेही अशीच सायकल घेतली आहे आणि ती लोकलच्या लगेज डब्यातून कर्जतला नेते. नेताना काय काळजी घ्यावी?

खाडीकिनारा

काका, डब्यात चढवताना सीट पूर्ण खाली. नळी आत लपली की टोपल्यांचे, लोखंडी गाड्यांचे कोपरे तिला लागत नाहीत, शिवाय सायकल आडवी-उभी करायला सोपी जाते. पण सीट खाली असताना सीटला धरून सायकल उचलायची नाही, फ्रेमला धरायची. काही पोस्टमध्ये ओढल्याने आत हवा शिरते आणि मग सीट दबते. खुंटीला सीटने टांगायचंही नाही. सीटखाली बॅग असेल तर ती काढून जवळ ठेवावी.

लाल माती

धुण्याबद्दल लिहायचं राहिलं होतं. पावसाळ्यात लोक बाइक वॉशिंगवाल्याकडे जोराच्या फवाऱ्याने सायकल धुऊन घेतात. फवारा कॉलरवर पडला की पाणी आणि गाळ दोन्ही सीलच्या आत. घरी बादली, तांब्या आणि मऊ कापड पुरे. सीट वर घेऊन नळी पुसायची, सीलभोवती सस्पेन्शनसाठीचं सिलिकॉन वंगण अगदी थोडं, चार-पाच वेळा वरखाली, आणि वर आलेला काळा थर पुसून टाकायचा. चेनचं तेल लावू नका, ते धूळ धरून ठेवतं. खाडीजवळ राहणाऱ्यांनी केबलकडेही बघा. खाऱ्या हवेत आतली तार गंजते, लिव्हर जड होतो आणि दोष पोस्टला लागतो.

मागच्या चाकाचा चिखल थेट त्या कॉलरवर उडतो. पूर्वी सीटखालची बॅग तो थोडाफार अडवायची. आता बॅग नसेल तर रेलला अडकवायचा छोटा पातळ मडगार्ड लावा, पण तोही सीट खाली घेऊन, शॉक दाबून तपासूनच.

करवंद

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण वापरून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

ट्यूब रेलच्या वर, खाडीकिनाराताईंनी सांगितलं तशी. हत्यारं टॉप ट्यूबला. पहिल्या राइडला शॉकमध्ये हवा मुद्दाम थोडी कमी ठेवली आणि पाकिटाच्या तळाला खडूची पूड लावली, टायर लागला तर पुसली जाईल म्हणून. तुंगारेश्वरचा मंदिरापर्यंतचा रस्ता वर-खाली केला, ओढ्यांच्या दगडांवरून दोन-तीनदा सस्पेन्शन तळाला टेकलं. खडू जागच्या जागी होता. नंतर येऊर दोनदा, खारघर एकदा.

पोस्टची सर्व्हिस करून घेतली. सील बदललं, नळी तीच राहिली. आता लिव्हर दाबला की सीट ‘टक’ आवाज करून वर येते. तो आवाज ऐकायला किती बरं वाटतं ते तुम्हालाच कळेल.

अरुंद पट्टा ४० सेंमीचा लागला, ३० चा अपुरा पडतो. जुनी बॅग धुऊन, ठिगळ लावून भावाच्या हार्डटेलला दिली, त्याचा सीटपोस्ट साधा आहे.

घाटवाटदादा, तुमच्या कॉलरचं वजन किती भरतं? डिसेंबरमध्ये मैत्रीण रोरो बोटीने मांडव्याला उतरून दोन मुक्कामांची फेरी करणार आहे. ती ५ फूट ९ इंच आहे, तिला जागा मिळेल असं वाटतं.

घाटवाट

वजन हातात जाणवत नाही इतकं कमी आहे. पण घेण्याआधी तिच्या पोस्टच्या वरच्या नळीचा व्यास कॅलिपरने मोजा, कॉलर मापानुसार येतो. आणि उंचीवर विसंबू नका, तिचंही माप दाबूनच घ्या.

करवंद

रविवारी सकाळी ६ ला उपवन तलावाजवळ भेटतोय, ती येणार आहे. मी टेप आणि कॅलिपर आणते. आणखी कोणाला आपल्या सायकलचं माप घ्यायचं असेल तर या, फक्त कोणीतरी शॉक पंप आणा, माझा मित्राकडे गेलाय.

खाडीकिनारा

मी आणते. वाशीहून पहिली ठाणे लोकल पकडते.